नाताळच्या आधीचे पंचवीस दिवस

(एपिसोडचं शब्दांकन. बोलताना झालेली अडखळण थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)

आवाज जरा बसलाय, सांभाळून घ्या. आज दुपारी मी वसईला घरी आलो आणि आल्या आल्या शिडीवर चढलो. गल्लीत तारे लावायचे होते. खाली उभी पोरं "अजून डावीकडे, अजून डावीकडे" ओरडत होती, आणि शेवटी तारा जिथे आधी होता तिथेच आला. असो.

उद्या रविवार, ३० नोव्हेंबर २०२५. उद्यापासून आमचा आगमनकाळ सुरू होतोय, इंग्रजीत ज्याला ॲडव्हेंट म्हणतात. मागच्या एपिसोडनंतर दोघातिघांनी मेसेज करून विचारलं होतं की, "तुमचं नाताळ पंचवीस डिसेंबरला, मग नोव्हेंबरपासून काय चालू असतं?" प्रश्न चांगला आहे. उत्तराचा अर्धा भाग सोपा आहे, तो आधी सांगतो. दुसरा अर्धा भाग माझ्याबद्दल आहे आणि तो मी गेलं वर्षभर सांगायचं टाळत होतो.

सोपा भाग. लॅटिनमध्ये ॲडव्हेंटस म्हणजे येणं, आगमन. नाताळच्या आधीचे चार रविवार आणि त्यांच्या मधले दिवस म्हणजे आगमनकाळ. चौथ्या रविवारनंतरचे दिवस दरवर्षी बदलतात, म्हणून त्याची लांबी २२ ते २८ दिवसांच्या मधे कुठेतरी येते. यंदा उद्यापासून चोवीस तारखेपर्यंत धरले तर पंचवीस. चर्चमध्ये फादरांचा झगा जांभळा होतो. हाच रंग उपवासकाळातही असतो, म्हणजे आनंदाची तयारी आणि पश्चात्ताप यांना चर्चने एकाच कपाटात ठेवलंय. रविवारच्या मिस्सामधलं गौरवगीत बंद होतं. ते देवदूतांचं गाणं ना, मग ते थेट नाताळच्या रात्री. लहानपणी मला हे कळत नव्हतं, पण कान ते शोधायचे. काहीतरी राहिलंय असं वाटायचं. आता वाटतं, तेच हवं होतं त्यांना.

आणि मेणबत्त्यांचं चक्र. हिरव्या पानांचं कडं, त्यात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. मला वाटायचं हे रोमहून आलं असणार. नाही! हे जर्मनीतलं, आणि तेही प्रोटेस्टंट पाळकाचं. योहान हिनरिक विकर्न नावाचे पाळक हॅम्बुर्गमध्ये गरीब, निराधार मुलांसाठी एक घर चालवायचे. मुलं रोज भंडावून सोडायची, नाताळ आला का, नाताळ आला का. मग १८३९ मध्ये त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या आणि बाकीच्या दिवसांसाठी छोट्या लाल. रोज एक पेटवायची. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला प्रोग्रेस बार म्हणतो, तो त्यांनी लाकडी चाकावर केला. फरक एवढाच की आमचा प्रोग्रेस बार नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकतो.

आता यात एक गंमत आहे. हे पंचवीस दिवस आम्ही वाट बघतो, पण नेमकी कोणाची? येशूचा जन्म तर होऊन गेला. बाराव्या शतकात क्लेअरव्होचे बर्नार्ड नावाचे मठाधिपती होऊन गेले. त्यांच्या आगमनकाळातल्या प्रवचनांत त्यांनी तीन आगमनं सांगितलीत. पहिलं बेथलेहेममधलं, ते झालं. शेवटचं जगाच्या अंती, ते व्हायचंय. आणि या दोन्हींच्या मधलं, जे कोणाला दिसत नाही, ते माणसाच्या आत होतं, आत्ता. चर्चच्या वाचनांचाही क्रम बघा. सोळा डिसेंबरपर्यंत भर शेवटच्या आगमनावर असतो आणि सतरा ते चोवीस हा आठवडा थेट जन्माच्या तयारीचा. म्हणूनच उद्या पहिल्या रविवारी गोठा, गाई, मेंढपाळ काही नाही. उद्याचं वाचन मत्तयच्या शुभवर्तमानातलं आहे, आणि त्यात नोहाचा पूर आहे, जात्यावर दळणाऱ्या दोन बायका आहेत आणि रात्री घर फोडणारा चोर आहे. जागे राहा, एवढाच मुद्दा. चोर काही कॅलेंडर इन्व्हाइट पाठवत नाही.

ऑन-कॉल असलेल्यांना हे लगेच कळेल. फोन उशाशी ठेवून झोपलेल्या माणसाची झोप वेगळी असते.

बरं. आता दुसरा भाग.

गेल्या वर्षी, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, आमच्या टीममध्ये एक मुलगी होती. माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी लहान, कॉन्ट्रॅक्टवर. तिचं नाव घेणार नाही, कंपनीचंही नाही. एका शुक्रवारी संध्याकाळी डेटाबेसमधला जुना कचरा काढायची एक स्क्रिप्ट प्रॉडक्शनवर चालवायची होती. स्क्रिप्ट तिने लिहिली होती, तपासायची मी होती. मी स्टेशनवर होतो, वसईला यायचं होतं, गाडी येत होती. तिचा फोन आला, "सर, बघितलंत का? चालवू?" मी म्हणालो, "हो हो, बघितलंय, चालव."

बघितलं नव्हतं.

एक अट चुकली होती आणि जे रेकॉर्ड पुसायचे नव्हते ते पुसले गेले. बॅकअप होता, परत आणले, पण त्यात रात्रीचे तीन तास गेले आणि क्लायंटला ते दिसलं. सोमवारी कारणमीमांसेचं डॉक्युमेंट लिहायचं होतं. ते मी लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे, कारण ते मी चारदा बदललं होतं. "स्क्रिप्ट योग्य रिव्ह्यूशिवाय प्रॉडक्शनवर चालवली गेली."

हे वाक्य नीट बघा. यात खोटं काय आहे? काहीच नाही. रिव्ह्यू झाला नव्हता, हे खरंच आहे. फक्त तो कोणी केला नाही ते लिहिलेलं नाही. चालवली गेली. कोणी चालवली? तिने. शाळेत प्रयोग शिकताना मला वाटायचं यांचा आयुष्यात काय उपयोग. हा उपयोग. मीटिंगमध्ये मॅनेजरने ते वाक्य वाचलं आणि सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. मी लॅपटॉपकडे बघत होतो.

नोव्हेंबरअखेर तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. कारण सांगितलं बजेट. कदाचित बजेटच असेल. मी स्वतःला तसंच सांगितलं.

आणि पुढच्याच रविवारी, एक डिसेंबरला, आगमनकाळ सुरू झाला. मी जोरात होतो. गोठ्याच्या स्पर्धेचा ग्रुप मी चालवत होतो, कॅरलच्या प्रॅक्टिसला गिटार मी वाजवत होतो, रोज सकाळी स्टेटसला मेणबत्तीचा फोटो. मनाची तयारी वगैरे शब्द मी त्या दिवसांत इतक्या वेळा टाइप केले की कीबोर्ड आपोआप सुचवायला लागला होता.

दुसऱ्या रविवारचं वाचन लूकचं होतं. बाप्तिस्मा करणारा योहान वाळवंटात ओरडतो तो उतारा. यशया संदेष्ट्याची हाक तो पुढे देतो: देवासाठी रस्ता सरळ करा, दऱ्या बुजवा, डोंगर उतरवा. प्रवचनात फादर म्हणाले की ही प्रतिमा आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. मंत्री यायचा असला की आपल्याकडे एका रात्रीत खड्डे बुजतात. अख्खं चर्च हसलं. मग ते म्हणाले, "आणि मंत्री गेला की पंधरा दिवसांत पुन्हा पडतात, कारण खाली काही केलेलंच नसतं, वरून फक्त खडी टाकलेली असते." तेव्हा हसू जरा कमी झालं.

त्या आठवड्यात नाताळच्या आधीचं पापनिवेदन होतं. मोठ्या सणाआधी आजूबाजूच्या धर्मग्रामांतून चारपाच फादर येतात, रांगा लागतात. जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, आपली पापं धर्मगुरूपुढे बोलून सांगायची, ते देवाच्या वतीने क्षमा जाहीर करतात. धर्मगुरूला ते कुठेही उघड करता येत नाही. मला मात्र माझं सांगायला बंदी नाही, म्हणून सांगतोय.

मी नेहमीची यादी वाचली. मिस्सा चुकवली, रागावलो, मोबाइलवर नको ते बघितलं, खोटं बोललो. एका श्वासात. समोर वयस्कर फादर होते, ओळखीचे नव्हते. ते म्हणाले, "खोटं कोणाशी बोललास?" मला अपेक्षित नव्हतं. यादीतल्या ओळीवर कोणी क्लिक करत नाही ना सहसा. मी म्हटलं, ऑफिसमध्ये. ते थांबून राहिले. रांग मोठी होती, तरी थांबून राहिले. मग मी सगळं सांगितलं, गाडी येत होती इथपासून.

ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "तुला माहीत आहे ती तुझी चूक होती. तिला माहीत आहे का?"

मी गप्प.

क्षमा त्यांनी दिली, अडवून धरली नाही. पण म्हणाले की दुसऱ्याचं जे घेतलंयस ते परत करणं हे तुझ्याकडे राहिलं. मी मनात म्हटलं, मी तर काही घेतलं नाही. घरी येईपर्यंत ते मनात म्हणत राहिलो.

तिसरा रविवार, पंधरा डिसेंबर. हा आनंदाचा रविवार, त्या दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी झगा असतो आणि चक्रातली गुलाबी मेणबत्ती पेटते. मी गिटार घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. वाचन पुन्हा लूकचंच, योहानाच्या गोष्टीचा पुढचा भाग. लोक त्याला विचारतात, मग आम्ही करायचं काय? मला त्याची उत्तरं फार आवडतात, कारण ती अगदी साधी आहेत. तो कोणालाही वाळवंटात ये म्हणत नाही, नोकरी सोड म्हणत नाही. दोन अंगरखे असतील तर एक दे. जकातदारांना सांगतो, ठरलंय त्यापेक्षा जास्त वसूल करू नका. मग शिपाई विचारतात, आणि आम्ही? त्यांना सांगतो की कोणावर जुलूम करू नका, कोणावर खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधान माना.

खोटा आळ. मी हे वाचन आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल. हा शब्द त्यात आहे हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या गाण्याची सुरुवात मी चुकवली.

इथे थोडं शब्दांबद्दल बोलतो, मग पुढे जाऊ. आपला मराठी शब्द आहे पश्चात्ताप. पश्चात् आणि ताप. नंतर होणारी आग. ही आग मला दोन महिने होतीच की! रात्री झोप लागत नव्हती. मला वाटायचं, एवढं वाईट वाटतंय म्हणजे मी पश्चात्ताप केलाय. पण शुभवर्तमानातला मूळ ग्रीक शब्द आहे मेटानोइया, आणि त्यात आग नाही. त्यात मन बदलणं आहे, वळणं आहे. ताप येऊन माणूस अंथरुणातच पडून राहू शकतो. मी पडून होतो.

सोमवारी मॅनेजरला भेटलो. सांगितलं की ते वाक्य दुरुस्त करायचंय, रिव्ह्यू माझ्याकडे होता आणि मी न बघता हो म्हणालो होतो. तो म्हणाला, "अरे, बंद झालाय तो विषय. आता कशाला? अप्रायझल तोंडावर आलंय तुझं." तो वाईट माणूस नाही, मला वाचवतच होता. मी डॉक्युमेंट उघडून ते वाक्य बदललं, आता त्यात माझं नाव आहे. कोण वाचणार? कोणी नाही. व्हर्जन हिस्टरीमध्ये पडलंय. अप्रायझलचं काय झालं ते विचारू नका.

मग तिला मेसेज. पहिल्या ड्राफ्टमध्ये चार वेळा "पण" होतं. "माझी चूक होती, पण गाडी येत होती." "मला बोलायचं होतं, पण त्या मीटिंगमध्ये..." एकेक पण काढत गेलो तसा मेसेज छोटा होत गेला. शेवटी दोनच ओळी उरल्या, आणि त्या इतक्या उघड्या दिसायला लागल्या की मी मेसेज न पाठवता फोनच केला.

तिने उचलला. मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

मग ती म्हणाली, "मला वाटत होतं मीच नीट ऐकलं नसेल. तुम्ही 'थांब' म्हणाला असाल आणि मी 'चालव' ऐकलं असेल. दोन महिने मी तो फोन डोक्यात परत परत वाजवतेय."

मित्रांनो, याची मी कल्पनाच केली नव्हती. मला वाटत होतं तिची नोकरी गेली. तिचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास गेला होता. हे घेतलं होतं मी. फादर म्हणाले होते ते हे.

आणि पुढे तिने विचारलं, "हे आत्ता का सांगताय? तुमचा सण आलाय म्हणून?"

मी म्हणालो, हो. तसंच आहे बहुतेक. दुसरं काय सांगणार, खरंच तसं होतं. आगमनकाळ नसता तर मी फोन केला नसता. ती म्हणाली, "ठीक आहे. मला हे लिहून द्या, इंटरव्ह्यूमध्ये विचारतात." मी त्याच रात्री मेलवर लिहून दिलं, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागेवर ठेवून. "मी न तपासता परवानगी दिली." तिचं उत्तर आलं, "मिळालं." त्यानंतर आमचं बोलणं नाही. तिने माफ केलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि विचारायचा हक्क आहे असंही मला वाटत नाही.

चौथ्या रविवारी मरिया डोंगराळ भागात घाईने अलीशिबेला भेटायला जाते ते वाचन होतं. ऐकायला छान वाटलं. नाताळच्या रात्री गौरवगीत सुरू झालं, घंटा वाजल्या, नेहमीप्रमाणे अंगावर काटा आला. आत सगळं शांत-निवांत झालं होतं असं मात्र नाही. पण त्या रात्री मी लॅपटॉपकडे बघणारा माणूस नव्हतो एवढं नक्की.

आता या वर्षी काय? काही जणांना वाटेल मी पंचवीस दिवसांचं चॅलेंज देणार, रोज एक टास्क. नाही देणार. मनाचं काम असं स्प्रिंटमध्ये बसत नाही. 'स्मृतिचित्रे' वाचलंय का तुम्ही? नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं. टिळकांसारख्या उतावळ्या माणसालाही ती पाच वर्षं थांबावं लागलं, कारण दुसऱ्याचं मन आतून वळतं तेव्हाच वळतं. स्वतःचंही तसंच.

मी स्वतः काय करणार आहे तेवढं सांगतो. रोज रात्री दहा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, दिवस उलटा आठवायचा. आज मी कुठे "गेलं", "झालं", "राहून गेलं" असं म्हणालो? तिथे कर्ता घालून बघायचा. "तुझा फोन घ्यायचा राहून गेला" नाही, मी घेतला नाही. "आवाज चढला" नाही, मी ओरडलो. बास, एवढंच. ख्रिस्ती नसाल तरी करून बघा, याला जांभळा झगा लागत नाही. आणि पापनिवेदनाला जाणाऱ्यांनो, यंदा शेवटच्या आठवड्याची रांग धरू नका. दुसऱ्याच आठवड्यात जा. कारण आतून जर कोणी विचारलं की तिला माहीत आहे का, तर फोन करायला हातात काही दिवस उरले पाहिजेत.

तारे, कंदील, गोठा सोडा असं मी म्हणत नाहीये हं. गोठ्याच्या स्पर्धेचा ग्रुप यंदाही माझ्याकडेच आहे, आणि काल रात्रीपासून त्यात ऐंशी मेसेज आहेत, डोंगर थर्माकोलचा की मातीचा यावर. मातीचा, अर्थातच.

आईने आत्ताच दारातून डोकावून विचारलं की नाचणी कधी पेरायची. गोठ्यातल्या गवतासाठी आम्ही ताटात नाचणी पेरतो. गेल्या वर्षी मी पेरायला उशीर केला आणि नाताळला जेमतेम बोटभर कोंब आले होते, मेंढरं गवतापेक्षा उंच दिसत होती. यंदा बारा तारखेला पेरतो असं तिला सांगितलंय. ती म्हणतेय, लिहून दे.

चला, भेटू पुढच्या रविवारी, दुसऱ्या मेणबत्तीला.